घोडेस्वारी केंद्रात गावची मुलंमुली आणायची आहेत? आधी दुसरी पायरी बांधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुळशीच्या बाजूला एक छोटं घोडेस्वारी केंद्र आहे, चौदा घोडे. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारी माणसं, सगळे बाहेरच्या राज्यांतून आलेले, त्यातले निम्मे वर्षभरात सोडून जातात. मालकांना आसपासच्या गावांतली मुलं, त्यातही मुली, आणि जमल्यास अपंगत्व असलेले तरुण प्रशिक्षण देऊन या कामात आणायचे आहेत. तीन महिन्यांचा अभ्यासक्रम कसा आखावा, असं त्यांनी विचारलंय.

माझं काम आधी रेसच्या तबेल्यात आणि नंतर रायडिंग स्कूलमध्ये माणसं तयार करण्याचं, म्हणून जरा लांबण लावून उत्तर देतो.

अभ्यासक्रम लिहिणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. खरारा (अंग घासणं), चंदी (दाणा), खूर साफ करणं, खोगीर-लगाम चढवणं, लंजिंग (लांब दोरीवर घोडा गोल फिरवणं), पट्ट्या बांधणं, प्रथमोपचार, ही यादी एका संध्याकाळी होते. मला विचारायचंय ते पुढचं. तीन महिन्यांनी पास झालेल्या मुलीला तुम्ही काय देणार? मोतद्दाराचीच नोकरी, त्याच पगारात, आणि पाच वर्षांनीही तीच? मग शेजारच्या रिसॉर्टमध्ये किंवा हिंजवडीच्या कँटीनमध्ये जाणं शहाणपणाचं आहे, आणि ती तेच करेल. आपल्याकडे या धंद्याला पहिली पायरी आहे. सगळ्यात वरचीही आहे: ट्रेनर, जॉकी, इन्स्ट्रक्टर. मधल्या पायऱ्याच नाहीत. ज्याला नात्यातलं कुणी वरून हात देतं तो चढतो, बाकीचे लीद उचलत राहतात.

नात्याचं हे मी कुचकटपणाने म्हणत नाही. जॉकी सूरज नर्रेडूचे वडील सतीश आणि काका मालेश, दोघेही याच धंद्यातले. भारतातली पहिली महिला जॉकी म्हणून ओळखली जाणारी चेन्नईची रूपा सिंग, तिच्याही घरी आजोबा-वडिलांपासून घोडे. त्यांचं कर्तृत्व त्यामुळे कमी होत नाही. पण तबेल्याच्या चाळीत वाढलेल्या पोराला घोड्याचे कान, त्याची शेपटी, त्याचं एका पायावर भार देणं आपोआप वाचता येतं आणि संध्याकाळी खाटेवर बसून थोरले जे बोलतात ते त्याच्या कानावर पडतं. बाहेरून आलेल्याला हे कुणी शिकवत नाही. त्याच्या हातात झाडू देतात, आणि सहा महिन्यांनी "याला घोड्याची समज नाही" असा शेरा मारून मोकळे होतात. तुम्हाला खऱ्या अर्थाने सगळ्यांसाठी दार उघडायचं असेल तर ही खाटेवरची शाळा दिवसाउजेडी, पगारी वेळात भरवावी लागेल.

आपल्या देशात मधल्या पायऱ्या एकाच ठिकाणी नीट बांधलेल्या आहेत, सैन्यात. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचं (ड्रेसाज, मैदानी दौड आणि उड्या मिळून होणारी स्पर्धा) वैयक्तिक सुवर्ण ६१ कॅव्हलरी या घोडदळाच्या रघुबीर सिंग यांनी घेतलं. ते कुणा क्लबाचे सभासद नव्हते, हुद्द्याने दफेदार होते, म्हणजे घोडदळातले हवालदार. सैन्यात हे घडतं कारण तिथे कौशल्याला हुद्दा आहे, हुद्द्याला पगार आहे, राहायला क्वार्टर आहे आणि शिकवणं हा कुणाच्या तरी नोकरीचा भाग आहे. मेरठला सैन्याची जनावरं सांभाळणाऱ्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात नालबंदही (नाल ठोकणारा) रीतसर शिकून बाहेर पडतो. १९८२नंतर आपल्याला आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीचं पुढचं सुवर्ण मिळालं ते थेट २०२३मध्ये, हांगझोऊला, ड्रेसाजच्या (ठरलेल्या हालचाली घोड्याकडून नेमक्या करून घेण्याचा प्रकार) संघाला. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग, सुदीप्ती हाजेला. चौघेही युरोपात राहून तयार झालेले. तिकडे जाण्याची कारणं अनेक आहेत, घोडे आणि स्पर्धा ही मुख्य. पण तिथल्या तबेल्यात ग्रूम, म्हणजे तिथला मोतद्दार, हा शिकलेला, घोड्याबरोबर प्रवास करणारा, स्पर्धेच्या दिवशी घोडा तयार करून हातात देणारा माणूस असतो. असा माणूस इथे विकत मिळत नाही, आणि आपण तो तयारही करत नाही.

तर आधी पगाराचा कागद करा. तुमच्या चौदा घोड्यांना पाच माणसं लागतील, एकाकडे तीन घोड्यांच्या हिशोबाने. पहिली पायरी मोतद्दार. दुसरी पायरी वरिष्ठ मोतद्दार: जो ताप आणि नाडी घेतो, पट्टी बांधतो, घोडा लंज करतो, स्पर्धेला घेऊन जातो, ट्रकमध्ये चढवतो. दुसऱ्या पायरीचा पगार पहिलीपेक्षा निदान चौथ्या हिश्शाने जास्त ठेवा. त्याहून कमी फरक असला तर माणसं त्याला वरची पायरी मानत नाहीत, असा माझा अनुभव आहे. तिसऱ्या पायरीला फाटे फुटतात: तबेल्याचा जमादार, सकाळी घोडे फिरवणारा वर्क रायडर, सहायक इन्स्ट्रक्टर, नालबंदाचा साथीदार, डॉक्टरचा मदतनीस.

तुम्ही म्हणाल, चौदा घोड्यांच्या तबेल्यात एवढ्या जागा कुठून आणू? नाहीच येणार. म्हणून हे एकट्याने करू नका. पुण्याच्या आसपास रायडिंग स्कूल आहेत, घोड्यांच्या पैदाशीचे स्टड फार्म आहेत आणि पावसाळ्यात रेसचे तबेले असतात. तीन-चार ठिकाणच्या मालकांनी बसून पायऱ्यांची नावं आणि प्रत्येक पायरीला काय यायला हवं, एवढं एका कागदावर सारखं ठरवलं की शिडी लांब होते. आणि इथे पुण्याला एक मोठा फायदा आहे, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. रेसचा मुंबईचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो, पुण्याचा पावसाळ्यात. जुलैपासून शरदापर्यंत रेसचे घोडे पुण्यात असतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत तुमचं मैदान चिखलाने भरलेलं, शिकायला येणारी मंडळी घरी. त्या काळात तुमची शिकाऊ मंडळी रेसच्या तबेल्यात पाठवा. रेस क्लबाचा पास लागतो, ट्रेनरची तयारी लागते, पण पहाटे चारला उठून तापट थरोब्रेड (रेसच्या जातीचे घोडे) हाताळण्याने जे येतं ते तुमच्या शांत स्कूलच्या घोड्यांवर येत नाही. दिवाळीच्या सुमाराला रेसवाले मुंबईला निघतात आणि तुमचा हंगाम सुरू होतो, म्हणजे माणसं परत. स्टड फार्मचं वेळापत्रक आणखी वेगळं. थरोब्रेडचं वय १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे घोड्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत वितील असंच बघितलं जातं. तेव्हा रात्रपाळीला जागणारी, घोडीच्या सडांवर मेण कधी आलं, म्हणजे विण्याची वेळ जवळ आली, हे ओळखणारी माणसं लागतात. तीही एक शिकण्याची जागा.

आता सध्याच्या मोतद्दारांबद्दल. सर्वसमावेशक म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे गावातली मुलगी येते, आणि राजस्थानातून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून आलेला जो माणूस आज तुमच्याकडे पत्र्याच्या खोलीत राहतो तो दिसतच नाही. पहिलं प्रमाणपत्र त्याला द्या. नवी तुकडी आणण्याआधी, त्याची परीक्षा घेऊन, त्याला दुसऱ्या पायरीवर चढवून, आणि शिकवण्याचा वेगळा भत्ता देऊन. केंद्र सरकारच्या कौशल्य योजनांमध्येही अंगच्या कौशल्याला शाळेशिवाय मान्यता देण्याची सोय ठेवलेली आहे. तोच विचार तबेल्यात आणा. यात माणुसकी आहेच, पण रोकडा हिशोबही आहे. जुन्या माणसाला वाटलं की ही पोरं माझी जागा घ्यायला आली आहेत, तर तो त्यांना चुकीच्या घोड्याजवळ उभं करेल. लाथ एकदा बसली की तुमची योजना संपली.

परीक्षा घोड्यासमोर घ्या, कागदावर घेऊ नका. अनेक उत्तम मोतद्दारांना वाचता येत नाही आणि त्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही. मी विचारतो ते असं: या घोड्याचा ताप घे. (३७.५ ते ३८.५ सेल्सिअस ठीक.) नाडी कुठे लागते ते दाखव, मोज. (विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४.) हिरडी दाब आणि सोड, रंग परत यायला किती वेळ लागला? (दोन सेकंदांच्या आत यायला हवा.) मग खरा प्रश्न: सकाळपासून याने लीद टाकलेली नाही, पुढच्या पायाने जमीन उकरतोय, वळून वळून पोटाकडे बघतोय. काय करशील? चंदी काढून घेईन, नाडी मोजेन, वेळ लिहीन किंवा फोनवर बोलून ठेवेन, डॉक्टरला फोन लावेन, तोवर हळू फिरवेन. हे उत्तर आलं की पास. "तेल पाजीन" म्हणाला तर नापास. पोटशुळात तोंड वर करून बाटलीने औषध-तेल ओतण्याची जुनी सवय अजून आहे, आणि ते फुप्फुसात गेलं तर पोटशुळाने वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो.

रोजची नोंद न वाचता येणाऱ्यालाही ठेवता आली पाहिजे. प्रत्येक घोड्याचा फोटो, त्याखाली रंगीत मापांची चित्रं: दोन लाल, एक निळं. व्हॉट्सअॅपवर मराठीत किंवा हिंदीत बोललेली नोंद चालते. चारा वजनाने द्यायला शिकवा, पेंढी मोजून नव्हे. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे सात ते नऊ किलो. ज्याला लिहायला-वाचायला शिकायचंय त्याला दुपारच्या दोन तासांत शिकवा. ते वेगळं काम आहे आणि चांगलं काम आहे, फक्त नोकरीची अट करू नका.

मुलींचं बघू. "बाईमाणसाला घोडा आवरत नाही" हे वाक्य तुम्हाला गावातही ऐकू येईल आणि क्लबातही. त्यांना धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांबरोबर फिरणारा त्यांचा जथा, चालताना दाखवा. पावसाळा संपला की कोकणाकडे आणि उन्हाळ्याअखेर परत, सगळा संसार घोड्यांवर लादलेला असतो. तट्टांवर ओझी चढवणं, दोर आवळणं, लगाम धरून चालवणं, हे तिथल्या बायकाच करतात, कधी वर लेकरू आणि कोंबड्याही बांधलेल्या. ती घोडी भीमथडीची. आपल्या पुण्याच्याच भीमेकाठचं नाव लावणारी ही जात अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली, ती टिकवली याच लोकांनी. तुमच्या भागातल्या धनगरवाड्यांत आधी जा, असा माझा आग्रह राहील. घोड्याला न घाबरणारी, दोराची गाठ सुटणार नाही अशी बांधणारी मुलगी तिथे तयारच असते. तिला फक्त आपली पद्धत शिकवायची.

मुली सोडून जातात त्याचं कारण घोडा क्वचितच असतं. पहाटे साडेचारची ड्यूटी आणि सहाच्या आधी एसटी नाही. कपडे बदलायला जागा नाही. संडास मोतद्दारांच्या खोल्यांमागे, दाराला कडी नाही. यावर खर्च आधी करा, खोगीर नंतर घ्या. मुलींची पाळी साडेसहाला सुरू होईल अशी लावा. पहाटेची चंदी तबेल्यात राहणारे देतील, त्या बदल्यात दुपारचं आणि संध्याकाळचं काम मुली करतील. चौघांच्या तुकडीत एकच मुलगी घेऊ नका, निदान दोन घ्या. एकटी मुलगी सगळ्यांच्या नजरेचा विषय होते आणि दोन महिन्यांत घरचे तिला परत नेतात. घरच्यांना, विशेषतः आईला, एक पूर्ण दिवस तबेल्यात बोलवा, कुठे जेवते, कुठे बसते, कुणाबरोबर काम करते ते बघू द्या. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागतेच. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, तिचा पत्ता आणि फोन भिंतीवर लावा. रायडिंग स्कूलमध्ये धोका नुसता मोतद्दारांकडून असतो असं समजू नका. पैसेवाले सभासद, इन्स्ट्रक्टर, घोड्यांचे मालक, हेही त्याच नियमाखाली येतात, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोला. बाळंतपणाचंही आधीच ठरवा: दिवस गेल्याचं कळलं की स्वारी आणि तापट घोडे बंद, चंदीची खोली आणि नोंदींचं काम सुरू, पगार तोच.

आणि खेळ म्हणून बघायचं तर घोडेस्वारी ही ऑलिंपिकमधली अशी जागा आहे जिथे बाई आणि पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच निकषावर उतरतात. ड्रेसाजमध्ये १९५२पासून, जंपिंगमध्ये १९५६पासून, इव्हेंटिंगमध्ये १९६४पासून. १९५२ला हेलसिंकीत ड्रेसाजचं रौप्य जिंकलं डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी. पोलिओने त्यांचे पाय गुडघ्यांखाली निकामी झाले होते, घोड्यावर चढायला आणि उतरायला मदत लागायची. १९५६ला त्यांनी पुन्हा रौप्य घेतलं. "अपंगांना घोड्यावर बसवायचं म्हणजे उपचार" अशी ज्यांची समजूत आहे त्यांना मी हे आवर्जून सांगतो. उपचारासाठी घोडेस्वारी चांगलीच आहे, पण ती वेगळी गोष्ट. तुम्ही नोकरी द्यायला निघाला आहात.

अपंगत्वाच्या बाबतीत माणसाकडे बघून काम ठरवू नका, कामाचे तुकडे करा. तबेल्यातलं काम म्हणजे एकच काम नसतं. चंदी मापणं, खोगीर-लगाम साफ करणं आणि शिवणं, औषधांचा साठा, नोंदी, बुकिंग, घोडा बांधून त्याला खरारा, घोडा हातात धरून नेणं, लंज, स्वारी. यातलं प्रत्येक काम वेगळं बघा. एका पायाने अधू असलेला तरुण तापट घोडा हातात धरून नेणार नाही, कारण पटकन बाजूला होता येत नाही. पण खोगीरखोली तो इतरांपेक्षा चांगली सांभाळेल, आणि चामड्याचं काम शिकला तर त्याला बाहेरूनही काम मिळेल. ऐकू न येणाऱ्याला घोडा सांभाळणं बहुतेक जमतं; घोडे बोलतात ते अंगाने, आणि अंगाची भाषा वाचण्यात अशी मंडळी तरबेज असतात. अडचण असते ती बाकीच्या माणसांची. "घोडा सुटला!" ही आरोळी त्याला कळणार नाही. मग नियम करा: घोडा सुटला की तबेल्यातले दिवे उघडझाप करायचे, आणि वळू घोडा बाहेर काढताना त्याच्याबरोबर नेहमी दुसरा माणूस. घोड्याला स्वतःच्या थेट मागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही हे सगळ्यांनाच शिकवायचं असतं, इथे ते दोनदा शिकवा. बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांना तबेल्याचं ठरलेलं वेळापत्रक मानवतं, पण वेळापत्रक बदललं की त्रास होतो. स्पर्धेच्या आठवड्यात त्यांचं काम तेच राहील याची जबाबदारी एका माणसावर द्या. ज्यांना स्वारी करायची आहे त्यांच्यासाठी पॅरा-ड्रेसाजच्या (अपंगांसाठीचं ड्रेसाज) पाच ग्रेड आहेत, पहिली सगळ्यात जास्त मर्यादा असलेल्यांची. १९९६च्या अटलांटापासून हा खेळ पॅरालिंपिकमध्ये आहे. आपल्याकडे तिथवर जाणारा रस्ता अजून कच्चा आहे, म्हणून मी कुणालाही पदकाचं गाजर दाखवत नाही.

जातीबद्दल या क्षेत्रात कुणी बोलत नाही, म्हणून दोन वाक्यं. लीद, मेलेला घोडा आणि चामडं ही कामं कुणाकडे ढकलली जातात, पाण्याचा माठ कुणासाठी वेगळा आहे, हे एकदा नीट बघा. पाळ्या लावताना ही तिन्ही कामं सगळ्यांना आलटून पालटून द्या, जमादारालासुद्धा. आणि साहित्य. हेल्मेट, बूट, ब्रीचेस (स्वारीची विजार) यांच्या किमतीत गावातल्या मुलाचे दोन महिने निघतात. हे सगळं तबेल्याचं ठेवा, मापांप्रमाणे, उसनं. हेल्मेट मात्र पडल्यावर बदलायचंच, त्यात उसनवारी नाही. मोतद्दाराच्या मुलीला शनिवारच्या स्पर्धेत उतरवायचं असेल तर तिला सभासदांच्या मुलांसारखाच कोट मिळाला पाहिजे.

नालबंदांवर मी जास्त बोलणार आहे, कारण मला तिथे सगळ्यात मोठी संधी दिसते. चार ते सहा आठवड्यांनी प्रत्येक घोड्याला नाल बदलावी लागते किंवा खूर तासावे लागतात, म्हणजे हे काम मंदीतही थांबत नाही. पुणे-मुंबई पट्ट्यात रेसचे घोडे आहेत, रायडिंग स्कूल आहेत, माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीची भाड्याची घोडी आहेत, लग्नाचे घोडे आहेत. चांगला नालबंद मिळायला लोक आठवडा आठवडा थांबतात. ब्रिटनमध्ये १९७५च्या कायद्यापासून नोंदणी नसलेल्याला नाल ठोकायला बंदी आहे आणि शिकाऊपण चार वर्षांचं असतं. आपल्याकडे हातोडी घेऊन कुणीही येऊ शकतो. वाईट नालबंद खुराची टाच उतरवून पुढचा भाग लांब ठेवतो. दिसायला खूर मोठं आणि सुबक, पण सगळा ताण मागच्या शिरेवर, आणि वर्षभरात घोडा लंगडा. हे शिकवण्यासाठी सैन्यातून निवृत्त झालेले नालबंद शोधा. पुण्याच्या छावणीच्या आसपास आणि साताऱ्याकडे अशी माणसं असतात, त्यांना शिकवायला बोलावलं तर मनापासून येतात. शिकाऊ माणसाच्या हातात जिवंत खूर पहिल्या दिवशी देऊ नका. मेलेल्या घोड्याचे पाय शवविच्छेदनानंतर परवानगीने मिळू शकतात. शिरवळचं किंवा परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय याबाबत बोलण्यासारखं आहे. आधी मेलेल्या पायावर तासणी, मग भट्टीवर नाल घडवणं, मग शांत घोड्याची तासणी, आणि सगळ्यात शेवटी खिळे. दोन वर्षं लागतील. मुलींनाही यात घ्या. खूर उचलून धरण्यात ताकदीपेक्षा अंग कसं टेकवायचं याची जाण लागते. आणि हे काम पहाटेचं नसतं, दिवसा होतं, हा भाग मुलींच्या घरच्यांना पटतो.

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या तेव्हा घोडे हाताळणारी पिढ्यान् पिढ्यांची माणसं एकदम रिकामी झाली. माथेरानमध्ये ई-रिक्षा आल्यापासून तिथल्या घोडेवाल्यांच्या पोटातही गोळा आहे. यातले जे तरुण आहेत त्यांना तुमच्या शिडीत थेट दुसऱ्या पायरीच्या परीक्षेला बसू द्या. त्यांना काही गोष्टी विसराव्या लागतील, जसं की काटेरी लगाम आणि जखमेवर हळद-तेल थापून काम चालू ठेवणं. पण घोड्याजवळ उभं कसं राहायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही.

कायद्याचं आणि पैशाचं भराभर. अठराच्या आतलं कुणी पगारी कामाला ठेवू नका. चौदाच्या आतल्याला काम देणं तर गुन्हाच आहे. मोतद्दारांची लहान मुलं तबेल्यात वावरतात, त्यांना स्वारी जरूर शिकवा, झाडू देऊ नका. सगळ्यांना धनुर्वाताची लस, तारीख नोंदवहीत. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसालाही होतो, घोड्यांचं रक्त तपासून घ्या. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचं या रोगावर मोठं काम आहे. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना प्रत्येकाच्या खात्यावर चालू करा, आणि त्यावर अपघाताचा वेगळा विमा तुम्ही घ्या. त्या योजनेचे दोन लाख मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला मिळतात, मोडलेली मांडी त्यात सांभाळली जात नाही. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होतं का ते तपासा. निधीसाठी कंपन्यांकडे जाल तेव्हा अर्ज नुसता 'खेळ' म्हणून करू नका. २०१३च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात व्यवसाय-कौशल्यं आहेत, प्राण्यांचं कल्याण आहे आणि ऑलिंपिक-पॅरालिंपिक खेळांचं प्रशिक्षणही आहे. तुमचं काम तिन्हींत बसतं. मात्र सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचे, पैसे प्रशिक्षणाला वापरा, पगाराला नाही. ते तीन वर्षांनी थांबतात आणि मग दुसऱ्या पायरीचा पगार पहिल्यावर येतो. पगाराचा वाढीव भाग स्वारीच्या फीमधूनच निघाला पाहिजे. घोडे नीट ठेवलेले असले आणि जखमा-लंगडेपणा कमी झाला तर तो निघतो, कारण डॉक्टरचं बिल हाच अशा केंद्रांचा लपलेला खर्च असतो.

दाखवायला एखादी यशोगाथा तयार करण्याचा मोह होईल. लंडनच्या ब्रिक्स्टनमधल्या एबनी हॉर्स क्लबात शिकलेली खदिजा मेल्ला २०१९मध्ये इंग्लंडमधल्या गुडवूडची मॅग्नोलिया कप शर्यत जिंकली, हिजाब घालून. जगभर बातमी झाली. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की तिच्या मागे शहरातल्या मुलांसाठी १९९०च्या दशकापासून चाललेला क्लब होता, आणि त्या विजयानंतर तिच्यासारख्या इतरांसाठी रायडिंग अ ड्रीम अॅकॅडमी नावाची रीतसर संस्था उभी राहिली. तुमच्या पहिल्या तुकडीतल्या मुलीचे फोटो वर्षभर काढूच नका. तिला नीट नाडी मोजू द्या.

शेवटी, जे तुम्ही विचारलं नाही पण विचाराल. शिकवलेला माणूस दोन वर्षांनी मोठा तबेला पळवून नेईल. नेईलच, कदाचित दुबईलाही जाईल. बाँड लिहून घेऊ नका, मूळ कागदपत्रं कपाटात ठेवून घेऊ नका. या दोन्ही गोष्टी या धंद्यात चालतात आणि त्यामुळेच चांगल्या घरची मुलं इकडे फिरकत नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाला पहिल्या दिवशी स्वतःचं लॉगबुक द्या. कोणते घोडे सांभाळले, कोणती परीक्षा कधी दिली, कुणी घेतली, सही. ते पुस्तक त्याच्याकडे राहील, घरी नेईल. तुमच्या बाजूने एकच करार करा: ज्या तबेल्याने माणूस नेला त्याने पुढच्या पावसाळ्यात तुमच्या दोन शिकाऊंना जागा द्यायची. चार तबेले एकत्र आलेले असतील तर हे मान्य होतं, एकेकटे असाल तर नाही. पहिली तुकडी चौघांची घ्या, दिवाळीनंतर सुरू करा, आणि तीन महिन्यांऐवजी पुढच्या ऑक्टोबरपर्यंतचं वर्ष धरा, म्हणजे पावसाळ्यातले रेसच्या तबेल्यातले महिने त्यात येतील. पुढच्या आठवड्यात मला अभ्यासक्रमाचा मसुदा पाठवू नका. तुमच्या सध्याच्या मोतद्दारांची नावं, कामाची वर्षं, आजचा पगार आणि त्यातल्या कुणाला दुसऱ्या पायरीवर चढवणार, ते पाठवा.